हाक ऐकू येत नाही, हा दोष आहे का?

प्रश्न : पेटी वाजवायला बसलो की जेवायची हाकही ऐकू येत नाही. कंट्रोल रूमच्या पाळीत मात्र घड्याळ सरकत नाही. माझं काही चुकतंय का? – एक वाचक, दीपनगर

उत्तर : अजिबात नाही. मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी आयुष्यभर अभ्यासलेली तल्लीनता ती हीच. ती लागायला काम आपल्या कौशल्याच्या किंचित पुढचं हवं आणि चूक लगेच कळायला हवी. पेटीवर सूर चुकला की बोट तिथल्या तिथे सावरतं. सगळं लक्ष त्यातच खर्ची पडतं, हाकेसाठी उरत नाही. कंट्रोल रूमच्या पॅनेलसमोर मात्र बराच वेळ काहीच घडत नाही, म्हणून वेळ रेंगाळतो. तिथे एकाच गोष्टीत हरवणं धोक्याचं. नजर सगळीकडे हवी. पेटी सोडू नका. फक्त पाळीच्या आधी बसाल तेव्हा गजर लावा.