पेटी दुसऱ्याच्या हाती गेल्यावर

मिरज

चि. धाकट्यास थोरल्या आत्याचा सप्रेम सलाम व आशीर्वाद.

ख्रिस्ती माणसाची श्रद्धा संकटात कसाला लागते, असा सर्वसाधारण समज असला, तरी साठीच्या आसपास येणारी एक कसोटी पुष्कळदा कोणाच्या ध्यानातच येत नाही. ती म्हणजे वर्षानुवर्षे केलेली सेवा दुसऱ्याच्या हाती जाणे. कोल्हापूरच्या पाहुण्यांकडून आत्याच्या कानावर आले ते खरे असेल, तर धाकटा सध्या याच कसोटीतून जात आहे. संधिवाताने त्याची बोटे आखडली म्हणून उपासनेतील पेटी काढून तेथे कीबोर्ड आला, तो कॉलेजात शिकणारा एक मुलगा वाजवतो, आणि तेव्हापासून धाकट्याची रविवार सकाळ घरी वर्तमानपत्र चाळण्यात जाते, असे कळते. पाहुण्यांना तिखटमीठ लावायची सवय आहे हे घरात सर्वांना ठाऊक आहे. तरीही प्रभुभोजनाच्या रविवारीसुद्धा त्याची जागा रिकामी होती, हे त्यांनी रचून सांगितले असेल असे वाटत नाही.

१८५२ मध्ये मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले, तेव्हापासून तेथील मंडळीत किती जणांनी गायिले-वाजविले याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही, आणि पेटी त्यांच्यापैकी कोणाच्याच मालकीची नव्हती. आधी ती वाजवणाऱ्या दादांनी ती धाकट्याकडे सोपवली तेव्हा भात्यावरचा त्यांचाही हात थरथरत होता. पण पुढच्याच रविवारी ते पहिल्या बाकावर टाळ घेऊन बसले, आणि धाकट्याची लय सुटली की टाळ जरा जोरात वाजवून त्याला सावरून घेऊ लागले. हे तो विसरला असेल, तर ते बोटे आखडण्याहून वाईट.

ज्यांची भजने त्याने जन्मभर वाजवली, त्या ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’, म्हणजे बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ, उभा केला. टिळकांनी जागा आपण होऊन सोडली, ती त्यांच्याकडून काढून घेतली गेली नाही, असे धाकटा म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. मग त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंकडे पाहावे. १९१९ मध्ये टिळक गेले, त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे येशूवरील काव्य अपुरे राहिले, आणि लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या या बाईंनी उतारवयात ते पुढे लिहून पुरे केले. यावर, त्यांना काम मिळाले आणि त्याचे गेले, असे उत्तर येईल.

म्हणूनच आत्याची काळजी पेटीची नसून प्रभुभोजनाची आहे. येशूच्या मरणाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या या विधीत माणसाला काहीच करून दाखवायचे नसते, नुसता हात पुढे करायचा असतो, आणि तेवढे आखडलेल्या बोटांनाही जमते. बाजूला सारल्याचे दुःख मात्र आत्याला उशिरा कळले. आत्या तरुणपणी परिचारिका असताना एक निवृत्त बाई वॉर्डात येऊन रुग्णांचे पाय चेपत बसत. कामात अडचण होते म्हणून आत्याने त्यांना एकदा बाहेर बसायला सांगितले, आणि त्या मुकाट्याने उठून गेल्या. त्यांचे नावही विचारले गेले नाही, हे आता झोप लागत नाही तेव्हा आठवते. धाकट्याला कोणी असेच बाजूला सरकवले असेल, तर दुखणारच. त्याबद्दल त्याला बोल लावण्याचा अधिकार आत्याला तरी नाही.

बोटांना सकाळी कोमट पाण्याचा शेक द्यावा आणि गोळ्या उपाशीपोटी घेऊ नयेत. कीबोर्ड वाजवणाऱ्या त्या मुलाला जुन्या भजनांच्या चाली येत नाहीत असेही पाहुणे म्हणत होते, पण ते असो. येत्या शनिवारी दुपारच्या एसटीने आत्या कोल्हापूरला येत आहे. गुडघ्यांमुळे पायरी उतरवत नाही, तेव्हा स्टँडवर घ्यायला यावे. शेंगदाण्याची चटणी केली आहे, तिखट कमी घालून. रविवारी त्याच्या मनात आले तर दोघे मागच्या बाकावर बसतील, आणि नाहीच आले तर घरी चहा करून दादांच्या आवडीचे एखादे भजन म्हणतील. पेटी नसली तरी चालेल, आत्याचा सूर तसाही कधी पेटीला धरून नव्हता.

थोरली आत्या