आधी त्याच्याशी बोला

जुलै-ऑगस्ट आला की महाराष्ट्रातून आईबाबांचे फोन सुरू होतात. जयपूरच्या मालवीय नगरमधलं मराठी घर म्हणून आमचा नंबर कुणीतरी दिलेला असतो. इथल्या एमएनआयटी या अभियांत्रिकी कॉलेजात निम्म्या जागा राजस्थानबाहेरच्या मुलांसाठी असतात, त्यामुळे आपल्याकडची मुलं दरवर्षी येतात. "वहिनी, तेवढं लक्ष असू द्या," असं तुम्ही म्हणता, आणि मी ते मनापासून ठेवते. सणाला मुलं जेवायला येतात, कुणाला ताप आला तर डब्यातून मऊ भात जातो. त्यात मला आनंदच आहे.

पण काही कामं तुम्ही मला सांगू नयेत असं वाटतं. "मेसचं जेवण त्याला जात नाही, जरा बोलून बघता का?" "बँकेत केवायसी राहिलंय, सोबत जाल का?" मुलगा एकोणीस वर्षांचा असतो! 61व्या घटनादुरुस्तीने मतदानाचं वय 21वरून 18वर आणलं, त्याला 1989 पासून इतकी वर्षं झाली. सरकार निवडायचं काम देश त्याच्यावर सोपवतो, आणि आपण त्याला बँकेच्या खिडकीशी एकटं उभं राहू देत नाही.

गेल्या हिवाळ्यात एका वडिलांचा घाईघाईने फोन आला. मुलाला जीटीजवळ पोलिसांनी अडवलं होतं. (गौरव टॉवरला इथे सगळे जीटीच म्हणतात.) मित्राची स्कूटर, डोक्याला हेल्मेट नाही. "जयपुरात कुणाची ओळख आहे का?" त्यांनी विचारलं. मी चालत गेले. मुलगा फुटपाथच्या कडेला उभा होता, हातात लायसन्स, ओठ कोरडे पडलेले. मला बघताच म्हणाला, "काकू, बाबा कुणाशी तरी बोलतायत." मी म्हटलं, "बाबांना सांग, बोलू नका. तू स्कूटर चालवलीस, तूच दंड भर." हेल्मेट नसेल तर कायद्यात 1000 रुपये दंड आहे. त्याने भरला, पावती घडी करून पाकिटात ठेवली आणि स्कूटर ढकलत निघाला. त्या महिन्यात त्याला हात आखडून राहावं लागलं. तरी पुढच्या वेळी घरी आला तेव्हा त्याच्या हातात स्वतः घेतलेलं हेल्मेट होतं.

त्या बाबांचा जीव तुटत होता, हे मला कळतं. पण "ओळख आहे का" हे मूल आपल्याकडूनच ऐकतं आणि तेच शिकतं. 19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या हातातल्या गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून त्याच्या आईवडिलांनाही अटक झाली. निकाल न्यायालय देईल. आपण मात्र स्वतःला विचारायला हवं, की मुलाने चूक केली त्या घटकेला आपला पहिला फोन कुणाला जातो?

आणखी एक गोष्ट, जी मला जास्त सलते. घरातलं खरं तुम्ही मुलांपासून लपवता. आजोबांना दवाखान्यात ठेवलंय, कर्जाचा हप्ता थकलाय, बाबांची नोकरी डळमळीत आहे, सगळ्यावर एकच उत्तर, "त्याला कळू देऊ नका, परीक्षा आहे." मुलाला वाटतं घरी सगळं ठीक आहे, म्हणून तो नवा फोन मागतो आणि मग तुम्हाला तो बेजबाबदार वाटतो. घरचं दुखणं आणि घरचा हिशेब ज्याला माहीत नाही, तो घरातला मोठा माणूस होणार कसा? सांगून बघा. बहुतेक मुलं हादरतात, एखादी रात्र जागतात, आणि मग स्वतःहून विचारतात, "मी काय करू?" हा प्रश्न त्यांच्या तोंडून येण्यासाठी हवं तर एखादा पेपर वाईट गेला तरी चालेल, असं माझं स्पष्ट मत आहे.

मतदारयादीत नाव घालायचं कामही त्याच्यावरच सोडा. हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या विद्यार्थ्याला तिथल्या पत्त्यावर किंवा आईवडिलांच्या पत्त्यावर नाव नोंदवता येतं. नाव कुठे घालायचं ते त्याला ठरवू द्या, सहा नंबरचा फॉर्मही त्यालाच भरू द्या. मत कुणाला दिलं, ते विचारू नका.

मुलं माझ्याकडे येत राहोत, पुरणपोळी त्यांच्यासाठी नेहमी असेल. आजारपण असेल, अडीनडी असेल, तर मला मध्यरात्रीही उठवा. बाकी कशासाठीही फोन उचललात, तर आधी त्याला लावा. आणि तो "मी बघतो" म्हणाला, तर त्याला बघू द्या.