मॉलिब्डेनमची गाय आणि साठ दिवसांचे अर्भक

जन्मानंतर दोन आठवडे उलटूनही कावीळ ओसरत नाही, शौचाचा रंग पांढुरका, लघवी गर्द पिवळी. असे अर्भक समोर आले की बालरोगतज्ज्ञाच्या मनात पित्तमार्गाच्या अभावाची, म्हणजे बिलिअरी अ‍ॅट्रेसियाची शंका येते. कासाई शस्त्रक्रिया ६० दिवसांच्या आत झाल्यास यशाची शक्यता अधिक असते. अशा वेळी आपण हिडा स्कॅनची चिठ्ठी लिहितो. परंतु त्या तपासणीमागे किरणोत्सारी द्रव्यांच्या रसायनतज्ज्ञांचे केवढे परिश्रम असतात, याचा विचार क्वचितच करतो.

या स्कॅनसाठी लागणारे टेक्नेशियम-९९एम याचे अर्धायुष्य अवघे ६ तास. सकाळी आठ वाजता असलेले द्रव्य दुपारी दोनला निम्मे व रात्री आठला पाव उरते. ते साठवणार कसे? म्हणून रुग्णालयात त्याचे जनक द्रव्य, मॉलिब्डेनम-९९ पाठवतात. त्याचे अर्धायुष्य ६६ तास. त्यातून टेक्नेशियम वेगळे काढणाऱ्या जनित्राला या क्षेत्रातील मंडळी कौतुकाने ‘गाय’ म्हणतात. एकदा दोहल्यावर साधारण २३ तासांत कास पुन्हा भरते. मात्र आठवडाभरात गाय आटते.

परदेशात युरेनियमच्या विखंडनातून मिळणारे तीव्र मॉलिब्डेनम अ‍ॅल्युमिनाच्या लहानशा स्तंभावर मावते आणि मिठाच्या पाण्याने टेक्नेशियम धुऊन निघते. तुर्भे येथील भाभा अणु संशोधन केंद्रात अणुभट्टीतील न्यूट्रॉनांच्या माऱ्याने मॉलिब्डेनम तयार करण्याचा मार्ग अवलंबिला गेला. त्यात साध्या मॉलिब्डेनमचाच भरणा फार. त्यासाठी स्तंभ अवाढव्य लागला असता. आपल्या शास्त्रज्ञांनी मिथाइल इथाइल कीटोन या द्रावकात टेक्नेशियम ओढून घेण्याची पद्धत राबविली, पुढे झिर्कोनियम मॉलिब्डेटच्या जेलचे जनित्रही सिद्ध केले. कॅनडातील चॉक रिव्हरची अणुभट्टी मे २००९ ते ऑगस्ट २०१० बंद राहिली तेव्हा जगभर टेक्नेशियमची चणचण भासली. स्वतःची वाट असण्याचे मोल अशा वेळी कळते.

१९८५ साली कार्यान्वित झालेल्या ‘ध्रुव’ अणुभट्टीत अशी समस्थानिके तयार होतात. तिच्या उभारणीत मोठा वाटा असलेले डॉ. अनिल काकोडकर जन्माने आपल्या शेजारच्या बडवानीचे! (इंदूरचे ‘कॅट’ मात्र लेसर व त्वरकांसाठी आहे, ही औषधे तेथून येतात हा समज चुकीचा.)

पालक ‘किरणोत्सारी’ या शब्दानेच धास्तावतात. त्यांना मी एवढेच सांगतो की २४ तासांत केवळ क्षयानेच सोळावा हिस्सा उरतो. शरीरातून उत्सर्जित होणारा भाग निराळाच.

आता निदानाविषयी. मेब्रोफेनिनला जोडलेले टेक्नेशियम यकृत शोषून घेते. २४ तासांत ते आतड्यात दिसले, तर अ‍ॅट्रेसिया नाही. न दिसल्यास मात्र ती आहेच असे म्हणता येत नाही. तीव्र नवजात हिपॅटायटिसमध्येही असेच चित्र दिसते. स्कॅनपूर्वी ५ दिवस फेनोबार्बिटोन (दररोज किलोमागे ५ मि.ग्रॅ.) देण्याचा प्रघात आहे. जनित्र कोणत्या दिवशी येते, हे न्यूक्लिअर मेडिसिन विभागाला विचारूनच औषध सुरू करावे, म्हणजे पुढे आणखी दिवस वाया जात नाहीत. आणि अर्भक पन्नाशीच्या दिवसांत पोहोचले असेल तर, माझ्या मते, स्कॅनसाठी थांबूच नये. बालशल्यचिकित्सकाला त्याच दिवशी दूरध्वनी करावा. अंतिम निर्णय शस्त्रक्रियेच्या टेबलावरील कोलँजिओग्रामच देतो.