आधी बोट लावून बघ

पोरी, घृष्णेश्वराच्या वाटेवर फुलं विकायची तर झाड दुरून बघून भागत नाही. पानावर पांढरं दिसलं की तू पंपाकडे धावतेस. आधी बोट लाव. पिठासारखं पुसलं गेलं तर भुरी. कापसासारखा पुंजका चिकट लागला तर तो पिठ्या ढेकूण. त्याला बुरशीचं औषध पाजून काय होणार? नारिंगी भुकटी बोटाला आली तर तांबेरा. काकडी-दोडक्याच्या पानावर चौकटीचे पिवळे डाग दिसले तर पान उलटं कर. खाली करडी लव असली की तो केवडा.

मर मात्र फसवी. माती ओली असून झेंडू मान टाकतो, आणि आपण तहानलाय म्हणून आणखी पाणी सोडतो. खोड उभं चिरून बघ. आत तपकिरी रेघ असली तर झाड मुळासकट उपटून जाळ. त्या जागी पुन्हा झेंडू नको.

श्रावणात येळगंगा भरून वाहते, चार-चार दिवस ऊन नसतं. तेव्हा गुलाबावर काळे ठिपके येणारच. गळलेली पानं रोज वेच, उकिरड्यात टाकू नकोस. पाऊस नसेल तेव्हा पाणी सकाळी दे, तेही बुडाशी. संध्याकाळी पानांवर नळी धरलीस तर झाड रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळल्यागत राहतं.

भुरीला पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक, लिटरला 2 ग्रॅम. पारा 35 अंशांवर असला तर ते नकोच, पानं भाजतात.

बाकी ठिपक्या-करप्याला माझा भरवसा मोरचूद-चुन्याच्या बोर्डो मिश्रणावर. फ्रान्समध्ये वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून कडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडायचे. त्याच वेली केवड्यातून वाचल्या, हे मिलार्दे नावाच्या माणसानं हेरलं. 1882 सालची गोष्ट! 10 लिटरला 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम कळीचा चुना. प्लास्टिकच्या दोन बादल्यांत 5-5 लिटर पाण्यात वेगवेगळं कालव, चुना गाळून घे, मग दोन्ही एकदम तिसरीत ओत. घासलेला खिळा बुडव. तांबूस झाला तर चुना कमी पडलाय. त्याच दिवशी संपव.

फवारण्याआधी उमललेली फुलं तोडून घे. बेलावर मात्र मी कधीच काही मारलं नाही. ते पान पिंडीवर जातं, लोक तिथलं तीर्थ पितात. ठिपक्याचं पान टोपलीतून काढून टाक, दोन पुड्या कमी भरल्या तरी चालतील.