एमिलियेचें मौन

शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ नाटकांत व्हेनिसचा सेनापति ऑथेल्लो संशयानें अंध होऊन आपल्या निरपराध पत्नीचा, डेस्डेमोनेचा, वध करितो. याचें कारण विचारिलें असतां बहुतेक विद्यार्थी सर्व खापर इयागोच्या माथीं फोडून मोकळे होतात. (देवलांनीं १८९० सालच्या ‘झुंजारराव’ नाटकांत हेंच कथानक मराठींत आणिलें, हें पालकांपैकीं कित्येकांस ठाऊक असेल.) इयागो दुष्ट खराच, परंतु त्याच्या कपटास पदोपदीं आधार मिळाला तो भल्या माणसांच्या दोषांचा, असें आम्हांस वाटतें.

कॅसिओस मद्य सोसत नाहीं. हें तो स्वतः बोलून दाखवितो. तरी सायप्रस बेटावरील उत्सवाच्या रात्रीं त्यास इयागोचा आग्रह मोडवत नाहीं. भीड भिकेची बहीण म्हणतात. येथें तिनें त्याचा हुद्दा घालविला. ऑथेल्लो तर डोळ्यांनीं पाहिल्यावांचून विश्वास ठेवणार नाहीं म्हणून गर्जतो आणि एका हातरुमालावर विश्वासतो! तो रुमाल तुजकडे कसा आला, हें कॅसिओस तो विचारतो, पण केव्हां? पत्नीचा प्राण घेतल्यावर.

परंतु आमचें लक्ष अधिक वेधून घेते ती इयागोची बायको एमिलिया. पतीनें दिलेली पहिली भेट म्हणून डेस्डेमोना तो रुमाल किती जपते, हें तिला पुरतें ठाऊक आहे. तो खालीं पडलेला सांपडतांच केवळ नवऱ्याची मर्जी राखण्यासाठीं ती तो त्याच्या हवालीं करिते. पुढें बाईसाहेब विचारतात, रुमाल कोठें बरें हरवला असेल? ती म्हणते, मला ठाऊक नाहीं. लगेच ऑथेल्लो येऊन त्याच रुमालासाठीं संतापतो, भेदरलेली डेस्डेमोनाही तो हरवला नसल्याचें सांगते, आणि एमिलिया हें सर्व पाहत गप्प उभी राहते. नवऱ्याचा हेतु तिला माहीत नव्हता, असें कोणी म्हणेल. तें खरें, पण रुमाल कोणाकडे आहे, हें तर माहीत होतें ना?

शेवटच्या अंकांत इयागो तलवार उपसून धमकावीत असतांही ती सर्व कांहीं निर्भयपणें सांगते व त्यापायीं प्राण देते. मरतांना आपणांस बाईसाहेबांच्या शेजारीं ठेवावें, एवढेंच ती मागते. तोंवर डेस्डेमोनेचा देह थंड पडलेला असतो.

विद्यार्थ्यांनीं तिसऱ्या अंकाचा चौथा प्रवेश पुन्हां वाचावा; मात्र या खेपेस ऑथेल्लोकडे न पाहतां बाजूस उभ्या असलेल्या एमिलियेकडे पाहावें.