कार्यालयात एकच ब्राउझर का?

शाखेत नव्याने रुजू झालेले तरुण सहकारी पहिल्याच आठवड्यात एक तक्रार करतात. घरी आपल्या आवडीचा ब्राउझर वापरता येतो, मग कार्यालयातील संगणकावर तो का घेता येऊ नये? काही चौकस खातेदारही काउंटरपलीकडच्या पडद्याकडे पाहून हाच प्रश्न विचारतात. या निर्बंधात कर्मचाऱ्यांवरील अविश्वास आहे असा समज सहज होतो. प्रत्यक्षात कारणे वेगळी आहेत.

पूर्वी ब्राउझर म्हणजे संकेतस्थळे पाहण्याचे साधन, एवढाच त्याचा अर्थ होता. आज कर्जप्रस्ताव, रजेचा अर्ज, अंतर्गत परिपत्रके, लेखापरीक्षणाची उत्तरे अशी कितीतरी कामे ब्राउझरमध्येच चालतात. चेन्नईत मुख्यालय असलेल्या इंडियन बँकेचे उदाहरण घ्या. १९०७ साली स्थापन झालेल्या या बँकेत १ एप्रिल २०२० रोजी अलाहाबाद बँक विलीन झाली आणि शाखांची संख्या सहा हजारांच्या घरात गेली. एवढ्या पसाऱ्याच्या कोणत्याही संस्थेत प्रत्येकाने मनाजोगता ब्राउझर वापरायचा ठरवल्यास काय होईल? वीस अंतर्गत प्रणाली आणि चार ब्राउझर असतील, तर तपासावयाच्या जोड्या ऐंशी होतात. शिवाय ही तपासणी एकदा करून भागत नाही. २०२१ पासून क्रोमची नवी आवृत्ती दर चार आठवड्यांनी येऊ लागली. मोठ्या संस्थांची ही अडचण ब्राउझर तयार करणाऱ्यांनीही ओळखली आहे. फायरफॉक्सने २०१२ पासून संस्थांसाठी दीर्घकाळ टिकणारी वेगळी आवृत्ती ठेवली, तर क्रोमने आठ आठवड्यांच्या अंतराने बदलणारी.

एखाद्या दूरच्या शाखेतून सकाळी मदतकक्षाला दूरध्वनी येतो, ‘पान उघडत नाही, समोर ग्राहक उभे आहेत.’ सर्वत्र एकच ब्राउझर व एकच आवृत्ती असेल, तर मदतकक्षातील व्यक्ती आपल्याच पडद्यावर पाहून उपाय सांगू शकते. नसेल, तर पहिली दहा मिनिटे ‘तुमच्याकडे कोणता आहे?’ यातच जातात. रांगेतील ग्राहकाला त्यातले काहीच दिसत नसते. त्याला फक्त बँक ढिली वाटते.

सुरक्षेचा मुद्दा याहून गंभीर आहे. रिझर्व्ह बँकेने २ जून २०१६ रोजी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट घालून दिली. संगणकांवर कोणकोणत्या आज्ञावली आहेत याची नोंद ठेवणे, अनधिकृत आज्ञावली रोखणे व दुरुस्त्या वेळेवर बसवणे या तिच्यातील मूलभूत अपेक्षा आहेत. जो ब्राउझर नोंदीतच नाही, त्याची दुरुस्ती राहून गेली हे कळणार तरी कोणाला? ब्राउझरला जोडल्या जाणाऱ्या लहानसहान विस्तारकांचेही तेच. डिसेंबर २०२४ मध्ये सायबरहेवन या कंपनीच्या क्रोम विस्तारकाची घातक आवृत्ती हल्लेखोरांनी ग्राहकांपर्यंत पोहोचवली, आणि ही कंपनी तर माहितीचे रक्षण करण्याच्याच व्यवसायातली!

ब्राउझर कोणावर विश्वास ठेवतो, हाही प्रश्न आहे. पत्त्याशेजारी कुलूप दिसते ते डिजिटल प्रमाणपत्रामुळे, आणि कोणत्या संस्थांची प्रमाणपत्रे ग्राह्य धरावयाची याची यादी ब्राउझरजवळ किंवा संगणकाच्या मूळ प्रणालीजवळ असते. जुलै २०१४ मध्ये आपल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन यंत्रणेतून गूगलच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले. भारताच्या प्रमाणन नियंत्रकांचे मूळ प्रमाणपत्र तेव्हा विंडोजच्या यादीत होते, त्यामुळे ती यादी वापरणारे इंटरनेट एक्सप्लोररसारखे कार्यक्रम धोक्यात होते. फायरफॉक्सची यादी स्वतंत्र होती व त्यात ते नव्हते, म्हणून तो सुटला. टेबल तेच, संकेतस्थळ तेच, पण दोन ब्राउझरांची दोन उत्तरे! अशा वेळी संस्थेला आपले सारे संगणक एकाच दिवशी एकाच पद्धतीने सावरता आले पाहिजेत.

मात्र एकाच ब्राउझरची निवड आणि त्याच्या लहरींना बांधून घेणे यांत फरक आहे, आणि आपल्याकडे दुसरी गोष्ट फार झाली असे मला वाटते. २००१ साली इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती आली आणि पुढे कित्येक वर्षे कार्यालयीन प्रणाली केवळ त्याच्याच खास सोयींवर उभारल्या गेल्या. ई-निविदा भरताना डिजिटल सहीसाठी तोच ब्राउझर आणि जावाची ठरावीक आवृत्ती शोधत बसण्याचा अनुभव अनेक उद्योजक खातेदारांना आठवत असेल. जानेवारी २०१० मध्ये त्याच ब्राउझरमधील त्रुटीचा उपयोग करून गूगलसह अनेक कंपन्यांवर हल्ला झाल्याचे उघड झाले, तेव्हा जर्मनीच्या सरकारी सुरक्षा संस्थेने नागरिकांना तूर्त दुसरा ब्राउझर वापरण्याचा सल्ला दिला. नागरिकांना ते शक्य होते. ज्यांच्या प्रणाली दुसरीकडे चालतच नव्हत्या, त्या कार्यालयांचे हात बांधलेले होते. अखेर १५ जून २०२२ रोजी हा ब्राउझर निवृत्त झाला. तरीही जुन्या प्रणालींसाठी मायक्रोसॉफ्टला एज ब्राउझरमध्ये त्याची एक पद्धत निदान २०२९ पर्यंत चालू ठेवण्याचे आश्वासन द्यावे लागले. काटकसर म्हणून केलेली निवड किती लांबचे देणे होऊन बसते, हे कर्जखात्यात काम करणाऱ्याला वेगळे सांगावयास नको.

याच दोन गरजांवर, म्हणजे विश्वासाची यादी व डिजिटल सही, केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये स्वदेशी ब्राउझरची स्पर्धा जाहीर केली. प्रमाणन नियंत्रकांचे मूळ प्रमाणपत्र अंतर्भूत असावे आणि टोकनच्या साहाय्याने ब्राउझरमधूनच कागदपत्रांवर सही करता यावी, अशा त्यात अपेक्षा होत्या. मार्च २०२५ मध्ये एक कोटी रुपयांचे पहिले पारितोषिक चेन्नईच्या झोहो कंपनीला मिळाले. तिचा ‘उला’ हा ब्राउझर २०२३ मध्येच आला होता. तमिळमध्ये उला म्हणजे फेरफटका. मात्र त्याचा पाया क्रोमियम हाच आहे, क्रोम व एज ज्यावर उभे आहेत तोच. तेव्हा क्रोमियममध्ये त्रुटी सापडली की या साऱ्यांनाच दुरुस्तीची घाई करावी लागते, हे निवड करणाऱ्यांनी ध्यानात ठेवलेले बरे.

खातेदारांना मात्र बँक असा आग्रह धरू शकत नाही. कोणाकडे जुना भ्रमणध्वनी असतो, कोणी सायबर कॅफेत बसतो, कोणाच्या नातवाने लॅपटॉपवर भलताच ब्राउझर घालून दिलेला असतो. त्यामुळे कर्मचाऱ्यांसाठी वाचवलेली ती ऐंशी जोड्यांची तपासणी ग्राहकांच्या संकेतस्थळासाठी करावीच लागते.