नोटरी झाली म्हणजे भागीदारी सुरक्षित झाली का?

प्रश्न : मी तासगावचा बेदाणा व्यापारी. कोल्ड स्टोरेज असलेल्या मित्राबरोबर एका हंगामापुरता माल घ्यायचा, विकायचा आणि नफा वाटायचा, असं ठरलं आहे. स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरीही केली. मित्र म्हणतो, हे ‘जॉइंट व्हेंचर’ आहे, भागीदारी नव्हे. त्यामुळे एकाचं देणं दुसऱ्यावर येणार नाही. हे खरं का?

उत्तर : नाही. ‘जॉइंट व्हेंचर’साठी आपल्याकडे वेगळा कायदाच नाही. कागदावर नाव काहीही असो, न्यायालय प्रत्यक्ष व्यवहार बघतं. दोघं मिळून धंदा करता, एकमेकांच्या वतीने सौदे करता आणि नफा वाटून घेता, म्हणजे १९३२च्या कायद्यानुसार ती भागीदारीच. एका हंगामापुरती असली तरी. कलम ८ मध्ये एकाच कामापुरत्या भागीदारीचा उल्लेख आहे.

म्हणूनच मित्राने धंद्यासाठी उधारीवर उचललेल्या बेदाण्याचे पूर्ण पैसे शेतकरी तुमच्याकडेही मागू शकतो. ‘निम्मं माझं’ हा हिशोब तुमच्या आपसातला. तोही लिहिलेला नसेल, तर भांडवल कमी-जास्त असूनही नफा-तोटा समान धरला जातो.

आता नोटरी. ती सही तुमचीच आहे एवढंच सांगते. पेढीची नोंदणी होते रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे. ती सक्तीची नाही, म्हणून पुष्कळजण टाळतात, आणि खरी अडचण तिथेच होते. कलम ६९ प्रमाणे नोंदणी नसलेली पेढी पैसे थकवणाऱ्या गिऱ्हाइकावर करारापोटी दावा लावू शकत नाही. त्याला मात्र पेढीवर लावता येतो. भागीदारालाही करारातल्या हक्कासाठी दुसऱ्या भागीदारावर दावा लावता येत नाही. पेढी विसर्जित करून हिशोब मागण्याची वाट तेवढी खुली असते. महाराष्ट्राने १९८४च्या दुरुस्तीने तीही बंद केली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. तेव्हा नोंदणी आधीच करा. दावा दाखल केल्यावर केलेली नोंदणी त्या दाव्याला वाचवत नाही.

मित्राला हवी असलेली सुरक्षितता २००८च्या कायद्याखालच्या एलएलपीत, म्हणजे मर्यादित दायित्वाच्या भागीदारीत, मिळते. तिथे एका भागीदाराच्या चुकीसाठी दुसऱ्याचं घरदार सहसा अडकत नाही. मात्र बँकेने वैयक्तिक हमी मागितली आणि तुम्ही सही केलीत, तर त्या कर्जापुरतं हे संरक्षण संपतं.